तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्याचं सांगता, मग गाळाचं का नाही?

‘भरतीचं पाणी किती वाजता किती चढेल ते सेंटिमीटरमध्ये सांगता. मग बंदरात वर्षाला गाळ किती साचेल हे विचारलं की इतक्यापासून तितक्यापर्यंत, असं का?’

किनाऱ्यालगतच्या प्रवाहांचं आणि गाळाचं संगणकावर मॉडेल करते, हे कळलं की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी नाराजी असते आणि ती रास्त आहे, कारण ड्रेजिंगचा, म्हणजे गाळ उपसण्याचा, सगळा खर्च त्या आकड्यावर ठरतो.

आधी पाण्याचं सांगते. तळाची खोली मोजायची, त्या नकाशावर चौकोनांची किंवा त्रिकोणांची जाळी टाकायची, बाहेरच्या कडेवर भरती-ओहोटी द्यायची. मग प्रत्येक खणात पाणी किती आलं, किती गेलं, तळाशी घासून जोर किती कमी झाला, हा हिशेब थोड्या थोड्या सेकंदांनी पुढे न्यायचा. असा हिशेब संगणक नसतानाही झालेला आहे. नेदरलँड्समध्ये झाउडरझे हा समुद्राचा फाटा बांध घालून तोडायचं ठरलं. बांधाबाहेर पाणी किती जास्त चढेल हे शोधायला १९१८ मध्ये समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष होते नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ हेंड्रिक लोरेन्ट्झ. अहवाल आला १९२६ मध्ये, सगळी आकडेमोड हातानं केलेली. १९३२ मध्ये बांध पूर्ण झाला आणि भरती त्यांनी सांगितली होती त्याच्या जवळपास निघाली. मला या कामाबद्दल फार आदर आहे.

गाळ मात्र असा हिशेबात बसत नाही. पाण्याचा वेग वाढला की वाहून जाणारी वाळू तेवढ्याच पटीनं वाढत नाही, ती साधारण वेगाच्या तिसऱ्या ते पाचव्या घातानं वाढते. मॉडेलमधला वेग प्रत्यक्षापेक्षा १० टक्के जास्त आला तर आम्ही ते मॉडेल चांगलं म्हणतो. पण तोच १० टक्क्यांचा फरक वाळूत उतरला की ३३ टक्के होतो, पाचवा घात धरला तर ६१.

त्यात पुन्हा, तुम्हाला हवा असतो तो वाहिलेला गाळ नव्हे, मागे राहिलेला. समजा भरतीनं १०० भाग आत आणले आणि ओहोटीनं ९५ परत नेले. बंदरात राहिले ५. त्या १०० मध्ये किंवा ९५ मध्ये जराशी चूक झाली की ५ चे १० होतात, नाहीतर काहीच उरत नाही. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीत आमचं उत्तर असतं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण हीच आहे.

वाळूचं निदान वागणं तरी ठरलेलं असतं. ०.२ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात मीटरभर खाली यायला मिनिटही घेत नाही. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा, म्हणजे ०.००२ मिलिमीटरचा, सुटा कण तेवढ्याच अंतराला तीनेक दिवस घेतो. आणि तो सुटा राहतच नाही. दोन बरण्या घ्या, एकीत गोडं पाणी, दुसरीत मिठाचं, दोन्हींत तीच बारीक माती ढवळा. गोड्या पाण्याची बरणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसते. मिठाच्या पाण्यात थोड्या वेळानं बारीक रवा दिसायला लागतो. कण एकमेकांना धरून पुंजके होतात आणि भराभर बसतात. नदी समुद्राला मिळते तिथे रोज हेच चाललेलं असतं. पाण्यात खळबळ जास्त झाली तर तेच पुंजके फुटतात. आता या मातीच्या बसण्याचा वेग म्हणून मॉडेलमध्ये एक आकडा भरा, असं सांगितलं तर कुठला भरायचा?

एका खाडीच्या कामात माझे प्रवाह मोजणीशी सुरेख जुळले होते. वर्षभरानं खोली पुन्हा मोजली तर गाळ मी सांगितल्याच्या जवळजवळ दुप्पट होता. आठवडाभर समीकरणं तपासली, त्यांत काही सापडलं नाही. मग पाण्याचे नमुने कधी घेतले त्या तारखा पाहिल्या. सगळे शांत दिवस. खवळलेल्या समुद्रात होडी जात नाही, म्हणून नमुने नाहीत. आणि लाटा तळ ढवळतात, गाळ उठतो, तो नेमका त्याच दिवसांत. मॉडेलला मी शांत समुद्रच दाखवला होता. त्यानंतर गढूळपणा मोजणारी उपकरणं तळाशी बांधून ठेवल्याशिवाय, वादळात त्यांनी नोंदवलेलं हाती आल्याशिवाय मी गाळाचा आकडा देत नाही.

तरीही मॉडेल करायचं का? करायचं. ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, इकडे वळवला तर गाळ कमी येईल की तिकडे, हे मॉडेल एकूण गाळापेक्षा पुष्कळ भरवशानं सांगतं, कारण दोन्ही पर्यायांत चुका बहुतेक त्याच असतात. म्हणून तुम्ही एक आकडा मागाल तेव्हा मी दोन देईन, खालचा आणि वरचा. सोबत एक मागणी असेल: पहिल्या मोठ्या वादळानंतर खोली लगेच मोजा आणि ते आकडे मला पाठवा.