थेट विचारायचं का?

पालकसभा संपते, हॉल रिकामा होतो आणि कोणीतरी मागे रेंगाळून हळूच विचारतं, "मॅडम, मुलाला आत्महत्येबद्दल थेट विचारलं, तर नसतं खूळ आपणच त्याच्या डोक्यात घालणार नाही ना?" मी शाळेत समुपदेशक आहे. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहिते.

नाही घालणार. न्यूयॉर्क राज्यातल्या ६ शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर हे तपासलं गेलं. काहींना प्रश्नावलीत आत्महत्येबद्दल विचारलं, काहींना नाही. २००५ साली निष्कर्ष छापून आले: ज्यांना विचारलं त्यांची अस्वस्थता वाढलेली नव्हती. जी आधीच नैराश्यात होती, ती मुलं तर न विचारलेल्या तशाच मुलांपेक्षा कमी अस्वस्थ दिसली.

पण विचारायचं कसं, हे मी एका चुकीतून शिकले. सुरुवातीच्या काळात एका मुलीला मी म्हणाले होते, "तू काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?" ती म्हणाली, "नाही." दुसरं काय म्हणणार? त्या "नाहीस ना" मध्ये मला हवं ते उत्तर मीच भरून दिलं होतं. शिवाय "वेडंवाकडं" म्हणून तिच्या दुःखाला नावही ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण रडत आली. "तिनं शपथ घातलीय, कोणाला सांगायचं नाही म्हणून." त्या मैत्रिणीनं शपथ मोडली, म्हणून आम्ही वेळेत पोचलो. मी तिला आजही मनातून हात जोडते.

तेव्हापासून मी सरळ विचारते, "जगणं नको वाटतं का? जीव द्यायचा विचार मनात येतो का?" आणि मग गप्प बसते. ते गप्प बसणं फार जड जातं.

मुलं आधी मित्रांनाच सांगतात, हे विसरू नका. युरोपातल्या १० देशांत, १६८ शाळांमधल्या ११,११० विद्यार्थ्यांसोबत एक मोठा अभ्यास झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या शिक्षकांना प्रशिक्षण देऊन ठळक फरक पडला नाही. जिथे मुलांशीच ताण, नैराश्य, मदत मागणं यावर चर्चा आणि नाट्यरूप सराव झाला, तिथे वर्षभरात आत्महत्येचे प्रयत्न सुमारे निम्मे झाले. म्हणून मी वर्गात सांगते, असली शपथ मोडायचीच असते.

उत्तर "हो" आलं तर? तुमची खरी भीती ही आहे, कळतं मला. तेव्हा उपदेश नको, "आईबाबांचा विचार कर" तर नकोच, ते मूल आधीच स्वतःला ओझं समजत असतं. "सांगितलंस, बरं केलंस," एवढं म्हणा. गुपित ठेवण्याचं वचन देऊ नका. कोणाला आणि का सांगणार, ते त्याच्यासमोरच ठरवा. त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना त्याच दिवशी बोलवा, मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत स्वतः सोबत जा. घरात जिवाला धोका होईल असं जे काही असेल, ते त्याच्या हाताशी राहू देऊ नका.

नंतर ते मूल शाळेत परत येतं. तो पहिला दिवस आम्ही आधीच ठरवून ठेवतो: बाकावर शेजारी कोण बसणार, बुडलेल्या अभ्यासाच्या वह्या कोण देणार, जीव घुसमटला तर न विचारता वर्गातून उठून कोणाकडे यायचं.