डायकोटोमा संकर: यंदा रंगाआधी घड्याळ

डायकोटोमा आणि डोमेस्टिका या दोन आयरिस फुलझाडांच्या माझ्या संकराची दुसऱ्या पिढीची रोपं फुलायला लागली आणि निवडीचा निकष एकदाचा ठरला. रंग नंतर बघू, आधी उमलायची वेळ.

ज्यांनी डायकोटोमा लावलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयरिस डायकोटोमा ही पूर्व सायबेरिया, मंगोलिया, उत्तर चीन आणि कोरियातली रानजात. दांड्याला फाटे भरपूर, फुलं फिकी जांभळी, देखणी. पण दुपार कलल्याशिवाय उमलत नाहीत आणि त्याच रात्री मिटतात. संध्याकाळी घरी नसणाऱ्यानं ती लावून काय करायचं? म्हणून संकरासाठी जोडीला आयरिस डोमेस्टिका, म्हणजे जुनी बेलमकांडा: नारिंगी, लाल ठिपक्यांची, सकाळी उमलणारी. 2005 साली तिला आयरिस वंशात घेतलं; लिनियसनं 1753 मध्ये तर तिला चक्क ऑर्किडांत बसवलं होतं.

दोघींची गुणसूत्रं 32-32, त्यामुळे संकराला बी धरतं. अमेरिकेत सॅम्युअल नॉरिस यांनी हाच मेळ घातला. बाजारातली ‘कँडी लिली’ ही त्याचीच प्रजा. तिच्यात रंगांची चंगळ आहे, मला मात्र डायकोटोमाचाच घाट हवाय.

वेळा जुळत नाहीत ही अडचण परागीभवनाला सोयीचीच पडते. डोमेस्टिकाचे पराग सकाळी कागदाच्या पुडीत घेऊन कोरडे ठेवायचे. दुपारी डायकोटोमाची कळी टपोरी होते, पण पाकळ्या अजून सुटलेल्या नसतात. तेव्हाच चिमट्यानं खालच्या तिन्ही पाकळ्या काढायच्या, म्हणजे मधमाशीला टेकायला जागा उरत नाही. मग परागकोश फुटायच्या आत खुडायचे. कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा भाग, शोधताना नवखे हमखास फसतात. पाकळीसारख्या दिसणाऱ्या वरच्या तुऱ्यावर पराग चोपडून काही होत नाही. तुऱ्याच्या खाली आडवा, कागदासारखा पातळ ओठ असतो. तो किंचित खाली ओढला की आतली बाजू दिसते. पराग लावायचे ते तिथं.

पहिल्या पिढीत सगळी फुलं साधारण मधल्या वेळेला उमलली, रंगही मधलेच. खरी फाटाफूट आता दिसतेय. काही रोपं थेट आजीवर गेलीत, चारशिवाय डोळा उघडत नाहीत. बरीचशी मळकट जांभळी, वर अर्धवट ठिपके. ती उपटली, दया दाखवली नाही. एक रोप मात्र सकाळीच उमलतं, फाटे डायकोटोमासारखे, रंग स्वच्छ जांभळा. मिटताना फूल पीळ घालून आवळतं, हा गुण दोन्हीकडचा, आणि झाड नीटनेटकं दिसतं.

डायकोटोमाला आयुष्य कमी, म्हणून या रोपाच्या भरवशावर बसून राहण्यात अर्थ नाही. त्याचं स्वपरागण करून बोंडं धरलीत, शिवाय त्याच्या पाठोपाठ उमलणाऱ्या भावंडाशीही मेळ घातलाय. बोंडं तडकायच्या आत जाळीच्या पिशव्या बांधायच्यात. दाढीवाल्या आयरिससारखी फुलासाठी वर्षानुवर्षं वाट बघावी लागत नाही; लवकर पेरलं तर पहिल्याच हंगामात काही रोपं फुलतात.