माउंट लेमनचा चढ, जळलेल्या झाडांमधून

ॲरिझोनातल्या टूसॉनहून कॅटलिना हायवेला लागलं की डोंगरावरच्या समरहेवन गावापर्यंत सायकलवर जवळजवळ ४० किलोमीटर चढ. फार खडा नाही, पाच टक्क्यांच्या आसपास, पण संपता संपत नाही! खाली सग्वारो निवडुंग. वाटेतला विंडी पॉइंट येईस्तोवर ते कधीच मागे पडलेले असतात.

वर पाँडेरोसा पाइन सुरू होतात आणि आगींच्या खुणाही. २०२० ची बिगहॉर्न आग वीज पडून लागली. २००३ च्या ॲस्पेन आगीत तर समरहेवनमधल्या तीनशेहून जास्त इमारती गेल्या.

मांड्या भरून आल्या तेव्हा मी एका पाइनला सायकल टेकवली. साल डोक्याच्या उंचीपर्यंत कोळसा झालेली, हात लावला तर बोटं काळी. शेंड्याला मात्र हिरव्यागार सुया! जाड सालीमुळे हे झाड जमिनीलगतची आग सोसतं. मला इतका आनंद झाला की पाय विसरलो. जिथे ज्वाळा शेंड्यापर्यंत पोचल्या, तिथे नुसते करडे खांब उरलेत आणि ऊन थेट पाठीवर येतं. अशा उघड्या उतारांवरून पावसात माती-दगड सुटतात. म्हणून उतरताना वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका.