मनूची तपासणी, आमचा गृहपाठ

मनूला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं किंवा चंचलपणा आवरणं अवघड जाण्याची अवस्था, आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, त्यावर आमच्या घरातली पहिली प्रतिक्रिया माझ्या आईची होती : "पण ती तर एका जागी बसते की!" खरंच बसते. तेव्हा तिसरीतली मुलगी. दंगा नाही, मारामारी नाही. वहीत तारीख लिहायची, समास आखायचा आणि तास संपेपर्यंत पुढे कोरं पान. बाईंची तक्रारही कधी फार नव्हती. "हुशार आहे हो, पण लक्ष कुठे असतं कोण जाणे," एवढंच, आणि तेही दर पालकसभेला. एडीएचडी म्हटलं की आपल्याला सोफ्यावरून उड्या मारणारा मुलगा आठवतो. नुसतं लक्ष न टिकण्याचाही एक प्रकार असतो. मुलींमध्ये तो बऱ्याचदा उशिरा ध्यानात येतो, कारण अशा मुलीचा वर्गात कुणालाच त्रास नसतो.

ओळखीचे लोक आता विचारतात, "औषध न देता काय केलंत?" त्याचं उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. मनूच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांनी एडीएचडीचं नावही न काढता आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगितलं, मग हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड. झोपते किती, रात्री घोरते का, हेही विचारलं. डोळे-कान ठीक होते, लोह कमी निघालं, त्याचं सिरप सुरू झालं. त्यानंतर गंगापूर रोडला मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्याकडच्या सायकॉलॉजिस्ट मॅडम. तिथे एक प्रश्नावली आम्हाला दिली आणि एक शाळेत भरून आणायला. शाळेची कशाला, तर लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, सहा महिने तरी टिकलेली असावी लागतात आणि वयाच्या बाराव्या वर्षाआधीची असावी लागतात. एकट्या घरच्यांच्या सांगण्यावरून निदान होत नाही. याआधी एका ठिकाणी आम्हाला पहिल्याच भेटीत मेंदूच्या व्यायामाचं पॅकेज दाखवलं होतं. प्रश्नावली नाही, तपासणी नाही, आगाऊ पैसे भरले तर सवलत मात्र होती. अशा ठिकाणाहून चहा न पिता उठावं.

औषधाची धास्ती हिला जास्त होती. "अहो, एवढ्याशा पोरीला गोळ्या?" डॉक्टरांनी औषध वाईट असं एकदाही म्हटलं नाही, हे मुद्दाम सांगतो. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण, यावर फारसा वाद नाही. मनूच्या वयाला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची शिफारस औषध आणि वर्तनोपचार (वागण्याच्या सवयी बदलण्याचे उपचार) दोन्ही द्या अशी आहे. ब्रिटनची २०१८ ची मार्गदर्शिका म्हणते, आधी घरातल्या आणि शाळेतल्या गोष्टी बदलून बघा, तरीही मूल अडत असेल तर औषध. १९९९ साली अमेरिकेत ५७९ मुलांवरचा, १४ महिने चाललेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मूळ लक्षणं कमी करण्यात नीट देखरेखीखाली दिलेलं औषध एकट्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. "मनूला धोका काही नाही, वर्ष वाया जात नाहीये. आधी वर्तनोपचार करून बघू, पण तो पुरता करा," असं ठरलं.

मला वाटलं, आता मनूला आठवड्यातून एकदा सोडायचं आणि तासाभराने आणायचं. पहिल्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघांना आत बोलावलं आणि मनूला बाहेर आजीजवळ बसवलं. पुढेही बहुतेक वेळा तसंच. औषधाविना उपचार म्हणजे काय, तर तो मुलापेक्षा आईबापांना द्यायचा असतो. दुसरी शिफ्ट असली की मी कंपनीतून वेळ मागून घ्यायचो, सुपरवायझरला "मुलीची थेरपी" एवढंच सांगून.

पहिला गृहपाठ ऐकायला अगदी साधा : रोज पंधरा मिनिटं मनूबरोबर खेळायचं, खेळ तिने ठरवायचा, आणि आपण सूचना द्यायची नाही, प्रश्न विचारायचा नाही, सुधारायचं नाही. ती काय करते ते फक्त बोलून दाखवायचं. मनूने ठोकळ्यांची ट्रेन केली आणि मागचा डबा उलटा जोडला. माझं अख्खं आयुष्य उलटा जोडलेला पार्ट बाजूला काढण्यात गेलंय. जीभ चावून म्हटलं, "लाल डबा शेवटी लावलास." तिने वर बघितलं, पुढे काय येतंय याची वाट बघितली, काही आलं नाही तेव्हा म्हणाली, "हा उलटाच आहे बाबा, यात झोपायचे लोक आहेत." त्या पंधरा मिनिटांत ती माझ्याशी जेवढं बोलली तेवढं एरवी आठवड्यात बोलत नसे.

दुसरी गोष्ट सूचना देण्याची. आपल्या घरांत सूचना स्वयंपाकघरातून सुटते आणि बहुधा प्रश्नाच्या रूपात : "मनू, आवरतेस का गं? डबा घेतलास? बूट कुठायत?" मॅडमनी सांगितलं, जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, तिने बघेपर्यंत थांबा, मग एकच गोष्ट सांगा : "मनू, मोजे घाल." मग गप्प बसायचं. मनात पाच अंक मोजायचे. मोजे चढले की लगेच, "सांगितल्याबरोबर मोजे घातलेस, छान." नुसतं शाब्बास पुरत नाही, कशासाठी ते म्हणायचं. आईला हे सगळं नाटकी वाटायचं. पण सकाळी रिक्षावाल्या काकांचा हॉर्न वाजायच्या आत मनू खाली उतरायला लागली तशी तीही खांद्यावर हात ठेवून बोलायला लागली.

मग चिंचोके. क्लिनिकमध्ये प्लॅस्टिकच्या चकत्या होत्या, आमच्याकडे आईने साठवलेले चिंचोके होते. काचेची बरणी, आणि तीनच कामं : शाळेतून आल्यावर दप्तर जागेवर, गृहपाठाची पहिली दहा मिनिटं टायमर लावून, रात्री वेळापत्रक बघून दप्तर भरणं. काम झालं की त्याच क्षणी चिंचोका, संध्याकाळी हिशोब करून नाही, कारण या मुलांना लांबचं बक्षीस दिसतच नाही. दिलेला परत काढून घ्यायचा नाही. बदल्यात विकत आणायच्या वस्तू फारशा नव्हत्या. शुक्रवारची भाजी मनूने ठरवायची, रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या माझ्याबरोबर चढायच्या, गोल्फ क्लबवर सायकल. काही आठवड्यांनी तिला चिंचोक्यांचा कंटाळा आला. मॅडम म्हणाल्या, येणारच, बक्षिसं बदला. बदलली. मधल्या काळात आजी काहीही न करता नातीला मूठभर चिंचोके देत असल्याचं उघड झालं, तेव्हा आजीलाही एका सत्राला न्यावं लागलं.

शाळेचा भाग सगळ्यात अवघड. मॅडमनी रोजचं एक छोटं कार्ड करून दिलं होतं. त्यावर तीन ओळी : फळ्यावरचं उतरवून घेतलं, पहिली दोन गणितं केली, पाण्याची बाटली परत नेली. बाईंनी बरोबर किंवा फुली करून सही करायची, घरी त्याचे चिंचोके. शाळेचं उत्तर आलं, "एकीसाठी केलं तर सगळे मागतील." पन्नासच्या वर मुलांचा वर्ग, बाईंचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. मुख्याध्यापकांकडे क्लिनिकचं पत्र, पुन्हा अर्ज, पुन्हा उद्या या. शेवटी हिने बाईंना मधल्या सुट्टीत गाठून सांगितलं की सही करायला मनू स्वतः कार्ड घेऊन येईल, तुम्ही आठवण ठेवायची नाही. तेवढ्यावर जमलं. पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवण्याचंही त्याच वेळी झालं.

बाकीचं थोडक्यात. साखर बंद करा म्हणणारे पुष्कळ भेटले. साखरेने मुलं चंचल होतात हे खरी आणि खोटी साखर देऊन केलेल्या चाचण्यांत टिकलेलं नाही. खायच्या कृत्रिम रंगांचं थोडं तथ्य आहे. २००७ च्या ब्रिटनमधल्या एका प्रयोगानंतर युरोपात सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापायची सक्ती झाली. आम्ही रंगीत नळ्या आणल्या नाहीत, पण त्यावरून वाढदिवसांत भांडलोही नाही. ओमेगा-३ चा परिणाम असला तर छोटा, डोक्याला तारा लावून करायच्या न्यूरोफीडबॅकचे पुरावे कच्चे, म्हणून पैसे घातले नाहीत. त्र्यंबक रोडच्या तलावावर पोहायला घातलं. पोहून आल्यावर गृहपाठ बरा होतो असा आमचा अनुभव. झोप रात्री साडेनऊला, सुट्टीतसुद्धा. या वयाला नऊ ते बारा तास लागतात.

बदललं काय? सकाळची आणि गृहपाठाची रडारड जवळजवळ गेली. दप्तर भरलेलं असतं. वर्गातलं लक्ष मात्र थोडंच सुधारलं, कार्डावर गणिताच्या ओळीत अजून फुल्या असतात. डॉक्टरांना याचं नवल वाटलं नाही. आईवडिलांना विचारलं तर वर्तनोपचाराचा फायदा मोठा दिसतो, उपचार चालू असल्याचं माहीत नसलेल्या माणसाने मोजलं तर एडीएचडीच्या लक्षणांतला फरक बराच लहान होतो. पालकांचं वागणं आणि मुलाचं ऐकणं मात्र तसं मोजूनही सुधारलेलं दिसतं. आमच्या घरचं चित्र नेमकं तेच.

मनू आता पाचवीत जाईल. विषय वाढतील, शिक्षक बदलतील, कार्डाची बोलणी नव्याने करावी लागतील. सहामाहीचे पेपर बघून औषधाचं ठरवायचं असं डॉक्टरांशी बोलणं झालंय, आणि हिची पूर्वीची धास्ती आता उरलेली नाही. गोळी सुरू झाली तरी बरणी कपाटात जाणार नाही. त्या ५७९ मुलांच्या अभ्यासात ज्यांना दोन्ही उपचार मिळाले त्यांना औषधाचा डोस कमी पुरला होता.