एकत्र की वेगवेगळे?

मे महिन्याच्या दुपारी नागपुरात कूलरसमोरून उठू नये, हा आमच्या घरचा नियम मोडून मी पुस्तकांचे कपाट आवरायला घेतले आणि जर्मन शब्दकोशातून एक जुने रेल्वेचे तिकीट खाली पडले. यंत्राने छापलेला मजकूर जवळजवळ उडाला होता, पण त्याखाली बॉलपेनने लिहिलेली पाच नावे पाच वळणांच्या अक्षरांत ठळक उरली होती. चार नावे आपापल्या ओळीत शहाण्यासारखी बसलेली आणि पाचवे, माझे, कडेने वर चढत गेलेले. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा सगळा लवाजमा लिहिल्याशिवाय आपण कोण हे सांगून झाले असे मला कधी वाटतच नाही.

2014 साली एका सत्रासाठी मी म्युनिकला शिकायला होतो. 'बायर्न-टिकेट' काढले की बव्हेरियात दिवसभर साध्या गाड्यांनी हिंडता येत असे. पहिल्या प्रवाशाचे भाडे मोठे आणि पुढच्या चौघांचे किरकोळ असल्यामुळे आम्ही विद्यार्थी नेहमी पाचांची टोळी जमवत असू. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चाले. त्या शुक्रवारी स्पेनची आणि कोरियाची अशा दोन मुली, तुर्कस्तानचा आणि पोलंडचा असे दोन मुलगे आणि मे महिन्यात स्वेटर घातलेला मी, असे पाचजण फलाटावर घड्याळाकडे पाहत उभे होतो.

ओबरआमरगाऊपर्यंत रेल्वे आणि पुढे बस करून आम्ही लिंडरहोफचा राजवाडा पाहायला गेलो. बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याने बांधायला घेतलेल्या तीन वाड्यांपैकी हा सर्वांत लहान आणि त्याच्या हयातीत पूर्ण झालेला एकमेव. सोनेरी मुलामा, आरसे, झुंबरे हे सारे आता एकमेकांत मिसळून गेले आहे. लक्षात राहिले ते जेवणघरातले टेबल. ते यंत्राने खाली मुदपाकखान्यात उतरवले जाई आणि पाने वाढून झाली की पुन्हा वर येई, म्हणजे जेवताना राजाला वाढप्याचेही तोंड पाहावे लागू नये. भरल्या ताटासमोर हा माणूस एकटा कसा बसत असेल, या विचाराने माझ्या नागपुरी पोटात कालवाकालव झाली.

खरे तर मला तसे वाटण्याचा काही अधिकार नव्हता. लहानपणी आमच्या आळीची वर्षातून एक सहल रामटेकला जाई. कालिदासाच्या यक्षाने वर्षभराचा विरह तिथेच भोगला, असे आम्ही नागपूरकरांनी कधीचेच ठरवून टाकले आहे. जेवायला बसले की सगळे डबे मधे उघडायचे आणि स्वतःचा डबा सोडून बाकी सगळ्यांचे खायचे, अशी रीत होती. आईने पहाटे उठून तळलेल्या सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, बघता बघता शेजाऱ्यांच्या पानांत जात आणि माझ्या वाट्याला कुणाच्या तरी वातड पुऱ्या येत. एका वर्षी मी एक सांबारवडी कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात लपवली आणि गडाच्या पायऱ्यांवर, सगळ्यांच्या मागे राहून, ती एकट्याने खायला काढली. पहिला घास घेण्याआधीच काळ्या तोंडाच्या एका वानराने ती हातातून इतक्या सभ्यपणे काढून घेतली की मला ओरडायचेही सुचले नाही. खिशावरच्या तेलाच्या डागाने घरी गेल्यावर बाकीची हकीकत सांगितली.

लिंडरहोफच्या बागेत कारंजे उडायची वाट पाहत आम्ही एका बाकावर बसलो, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या पिशवीतून आपापला पाव काढला आणि तो खाऊ लागला. मी वसतिगृहात तळलेल्या तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा मधे ठेवला. चौघेही त्याच्याकडे नुसते पाहत राहिले. शेवटी पोलंडच्या मुलाने विचारले, ‘आम्ही घेतल्या तर तू काय खाशील?’ या प्रश्नाला मराठीत उत्तर नाही, तर माझ्या तेव्हाच्या जर्मनमध्ये कुठून असणार!

परतताना गावातल्या कॅफेत वाढणाऱ्या बाईंनी तिथला नेहमीचा प्रश्न विचारला, ‘त्सुझामेन ओडर गेट्रेंट?’ म्हणजे एकत्र की वेगवेगळे. मी चटकन ‘एकत्र’ म्हणालो आणि पैसे देऊन टाकले. आपल्याकडे अशा वेळी काउंटरपाशी हात धरणे, ‘राहू द्या हो’ म्हणणे, खिशात गेलेला हात मुद्दाम सावकाश बाहेर काढणे, हे सगळे साग्रसंगीत होते. तिथे कुणी हात धरला नाही. गाडीत बसल्यावर मात्र तिघांनी पावती मागून घेतली, आपापल्या पदार्थांपुढे खुणा केल्या आणि नाणी मोजून माझ्या हातावर ठेवली. कोरियाच्या मुलीने तर पाच सेंटचे शेवटचे नाणे पिशवीच्या तळातून शोधून काढले. मला ते इतके लागले की पुढचा अर्धा तास मी खिडकीबाहेरच्या गाई पाहत बसलो. रात्री फोनवर बाबांना सांगितले, तर ते म्हणाले, ‘बाप्पा! चहाचे पैसे परत घेतलेस तू?’ म्हणजे माझेच चुकले होते.

पोलंडच्या मुलाने फक्त कॉफी घेतली होती, 2 युरो 40 सेंटची, आणि त्याच्याकडे पन्नासची नोट सोडून काही नव्हते. उद्या देतो म्हणाला, पण ते राहूनच गेले. बाकी तिघांशी पत्रव्यवहार वर्षभरात आटला. हा मात्र दर जानेवारीत न चुकता निरोप पाठवी की तुझे 2 युरो 40 सेंट मी अजून देणे लागतो, तुझा खाते क्रमांक कळव. मी दर वर्षी तब्येत, हवापाणी, नोकरी असे सगळे लिहीत असे आणि खाते क्रमांक तेवढा लिहायला विसरत असे.

या जानेवारीत त्याचा निरोप आला नाही. आता मे संपत आला आहे. तिकिटावर तिसऱ्या ओळीत त्याचे बारीक, डावीकडे झुकलेले अक्षर आहे. ते वाचून मी तिकीट पुन्हा शब्दकोशात ठेवले.