म्युंडेनच्या धक्क्यावर फुटलेली बोट

कराडच्या माणसासमोर कुणी संगमाचं कौतुक करू नये. आम्ही लगेच कृष्णा-कोयना काढतो: दोघी अशा समोरासमोर येऊन भिडलेल्या दुसरीकडे दाखवा बघू! खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "आमच्याकडेही आहे एक, जाऊन तर या." म्हणून गेल्या शनिवारी इथून, जर्मनीतल्या कासेलहून, गाडी पकडली. वीसेक मिनिटांत हान म्युंडेन.

‘हान’ म्हणजे हानोवरचं. इथून निघणाऱ्या वेझर नदीवर खाली मिंडेन नावाचं गाव आहे, ते तेव्हा प्रशिया या दुसऱ्या राज्याचं; घोळ नको म्हणून हे शेपूट पुढे जोडलेलं. आपल्या बुद्रुक-खुर्दसारखंच.

गावात लाकडी चौकटींची सातशेच्या वर जुनी घरं आहेत. काही इतकी कलली आहेत की खालून जाताना मान आपोआप आत जाते. बाराच्या ठोक्याला नगरभवनाच्या माथ्यावरची दारं उघडली आणि एक लाकडी डॉक्टर रुग्णाचा दात उपटू लागला. हा डॉक्टर आयझेनबार्ट, गावोगाव फिरणारा शल्यवैद्य, १७२७ मध्ये इथेच वारला. पुढे विद्यार्थ्यांनी त्याच्यावर टिंगलगाणं रचलं आणि बिचारा कायमचा भोंदू ठरला. प्रत्यक्षात मोतीबिंदू आणि हर्निया काढण्यात त्याचा हात चांगला होता.

तिथून संगमावर. डावीकडून फुल्डा, उजवीकडून वेरा. भिडत वगैरे काही नाहीत, सभ्यपणे शेजारी येतात आणि वेझर होऊन उत्तर समुद्राकडे निघतात. टोकाशी १८९९ चा दगड आहे, त्यावर कविता: इथे दोघी चुंबन घेतात आणि त्यापायी आपापली नावं गमावतात. कराडला नाव सोडते ती एकटी कोयना, तेव्हा इथे मी म्युंडेनला एक गुण जादा दिला होता. मग घरी येऊन वाचलं की वेरा आणि वेझर हे मुळात एकाच नावाचे दोन उच्चार. म्हणजे गेलं ते फुल्डाचंच. गुण परत घेतला.

गाव श्रीमंत झालं ते मात्र या पाण्याची अडवणूक करून. १२४७ साली ड्यूकनं हक्क दिला: नदीनं येणारा माल इथे उतरवायचा, आधी गावाला विकायला मांडायचा, आणि उरलेला पुढे जाणार तो म्युंडेनच्या नावाड्यांच्या बोटींतून. लाकूड, धान्य, थुरिंगियाचा निळा रंग (ज्याचा धंदा पुढे आपल्या निळीनं बसवला), सगळं इथे थांबायचं. १८२३ च्या करारानं वेझर मोकळी होईपर्यंत, पावणेसहाशे वर्षं! धक्क्याला इथे ‘श्लाग्ट’ म्हणतात. ब्रेमेनकडच्या मालाचा ब्रेमर श्लाग्ट अजून आहे. मी तिथे कठड्यावर बसून डब्यातली थालीपिठं खाल्ली.

सप्टेंबर १७०७ मध्ये देनी पापँ इथवर आला. होय, तोच, ज्यानं १६७९ मध्ये लंडनला प्रेशर कुकरचा पूर्वज केला, सेफ्टी व्हॉल्व्हसकट. अनेक वर्षं कासेलच्या राजाच्या पदरी काढून तो बायकामुलांसह इंग्लंडला निघाला होता, स्वतः बनवलेल्या चाकांच्या बोटीतून. ती वाफेची होती असं हौसेनं सांगतात. नव्हती, चाकं हातानं फिरवायची होती. पुढे जायला परवाना हवा होता. लाइब्निझसारख्या नामवंत गणिती-तत्त्वज्ञानं हानोवर दरबारात शब्द टाकला, तरी मिळाला नाही. म्युंडेनच्या नावाड्यांनी बोट ताब्यात घेतली आणि फोडून टाकली.

त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते तसे वाटत नाहीत. अशी एक बोट न थांबता गेली तर उद्या दहा जातील, हे त्यांना नेमकं कळलं होतं. पण लेकुरवाळ्या माणसाची बोट फोडायची?

परत आल्यावर आजी जिन्यातच भेटल्या. माझ्या कुकरच्या शिट्टीबद्दल त्यांची जुनी तक्रार आहे. डाळीला तीन, राजम्याला सहा, त्या मोजतात. मी म्हटलं, "आजी, या शिट्टीचा मूळपुरुष तुमच्याच कासेलमध्ये राहत होता."

त्यांनी क्षणभर विचार केला. "आणि म्युंडेनवाल्यांनी त्याची बोट फोडली?"

"हो."

"हं," म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.