दादाचा ताप

सकाळपासून आयसीयूबाहेरच्या स्टीलच्या बाकड्यावर बसून होते, आत्ता घरी येऊन चहा टाकलाय. दादाचं हार्ट ट्रान्सप्लांट होऊन 3 वर्षं झाली. परवा नुसता खोकला, ताप म्हणाल तर 99, वहिनी म्हणाली वाफ घ्या, आणि काल रात्री ऑक्सिजन थेट 88! इम्युनिटी दाबायच्या गोळ्या चालू असल्या की कधीकधी ताप चढतच नाही नीट, हे आम्हाला कुठे माहीत. स्वॅबमध्ये इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे फ्लू निघाला. ऑसेल्टामिविर, फ्लूवरचं औषध, मात्र रिपोर्टची वाट न बघता कालच सुरू केलेलं, नशीब.

इम्युनिटी दाबायच्या गोळ्यांपैकी मायकोफेनोलेट थांबवलंय, टॅक्रोलिमस चालू, रोज त्याची रक्तातली लेव्हल बघतायत, कारण सगळंच बंद केलं तर शरीर हार्ट नाकारायचं आणि चालू ठेवलं तर व्हायरस मोकाट. इकडे आड तिकडे विहीर. गल्लीतल्या केमिस्टकडून मी क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक आणली होती, त्याने रक्तातलं टॅक्रोलिमस वाढतं म्हणून डॉक्टर जाम भडकले माझ्यावर, बरोबरच आहे म्हणा.

मॉनिटरवर पल्स 108 बघून मीच घाबरले, तर सिस्टर म्हणाल्या, अहो ताई, नव्या हार्टला मेंदूशी जोडणाऱ्या नसा तुटलेल्या असतात, ते एरवीही जोरातच पळतं.

संध्याकाळी काचेतून दादाने अंगठा दाखवला, मास्कमधूनच खिचडी खिचडी करत होता. मूग भिजत घातलेत.